फोर्ड ३०० ची ताकद वाढवायची? पाना उचलण्याआधीची तयारी

फोर्डच्या पिकअपमधलं ३०० घन इंचांचं, एका रांगेत सहा सिलिंडरवालं इंजिन १९६५ ते १९९६ अशी तीसेक वर्षं बनत राहिलं. ४.९ लिटर, क्रँकला सात मेन बेअरिंग, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) साखळीवर नाही तर थेट गियरवर. खालचा भाग दणकट आहे, कोंडतो तो श्वास. इनटेक (हवा आत येण्याची वाट) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर जाण्याची) दोन्ही हेडच्या एकाच बाजूला चिकटून बसलेले, आणि कारखान्यातून आलेला कार्ब्युरेटर एकाच बॅरलचा, म्हणजे हवेला एकच वाट. १९८७ मध्ये फ्युएल इंजेक्शन आलं तेव्हाचे आकडे बघा: ३४०० आरपीएमला १५० हॉर्सपॉवर, पण २६० पाउंड-फूट टॉर्क २००० आरपीएमलाच. हे ओढणारं इंजिन आहे, पळणारं नव्हे. ६००० आरपीएमची स्वप्नं बघून पार्ट मागवणार असाल तर थांबा.

सगळ्यात आधी डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट किती फेरे घेतो तो आकडा, बघून ठेवा. दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर ॲक्सलचा कोड असतो, पण मधे कोणी ॲक्सल बदलला असेल तर तो कोड निरुपयोगी, तेव्हा चाक फिरवून प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजलेले बरे. ३.०८ निघाला आणि तुमची तक्रार ‘चढावर दम लागतो’ एवढीच असेल, तर ३.५५ चे गियर टाकल्यावर चाकांवरची ओढ १५ टक्क्यांनी वाढते, इंजिनाला हातही न लावता. हायवेवर तेवढेच आरपीएम वाढतात, हे मात्र धरून चाला.

मग इंजिनाची तब्येत. इंजिन गरम करा, सहाही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन मोजा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली नको. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. आजारी इंजिनावर चार बॅरलचा कार्ब्युरेटर चढवणं म्हणजे दम्याच्या माणसाला शर्यतीचे बूट घालणं.

कॅमचा गियरही आत्ताच बघून घ्यायचा. बऱ्याच इंजिनांत तो फायबरचा आहे. आवाज कमी करतो, पण म्हातारा झाला की दात सोडतो, आणि ते तुकडे खाली जाऊन ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. पुढचं कव्हर उघडणारच असाल तर धातूचा गियर हाताशी ठेवा. थोडी घरघर ऐकू येईल, येऊ दे.

खरा वेळ जातो मॅनिफोल्डवर, म्हणजे हेडला जोडलेल्या हवेच्या आणि धुराच्या नळांवर. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच गॅस्केटवर बसतात आणि काही ठिकाणी एकाच बोल्टखाली दाबलेले असतात. वर्षानुवर्षं तापून गंजलेले हे बोल्ट सरळ येत नाहीत. दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारत राहा. पाना लावल्यावर बोल्ट ‘कुर्र’ करून हलला तर चांगलं. आवाज न करता मऊ मऊ फिरायला लागला तर तिथेच थांबा, तो पिळवटतोय. मी एकदा थांबलो नाही. हेडमध्ये तुटलेला तुकडा काढण्यात अख्खा रविवार गेला. जोडताना दोन्ही मॅनिफोल्डची तोंडं एका पातळीत आहेत का ते सरळ पट्टी ठेवून बघा. फट दिसली तर मशीनवर घासून आणा, गॅस्केटच्या भरवशावर सोडू नका.

एक्झॉस्टसाठी महागडे हेडर (नळ्या जोडून बनवलेले मॅनिफोल्ड) घेण्याआधी भंगारात इंजेक्शनवाल्या ३०० चे ओतीव मॅनिफोल्ड शोधा. पुढच्या तीन सिलिंडरचा एक, मागच्या तीनचा एक, असे ते दोन वेगळे असतात, आणि तडकण्याची भीती पातळ पत्र्याच्या हेडरपेक्षा कमी. फक्त एक गोष्ट लोक विसरतात: मूळ इनटेक एक्झॉस्टवर बसून गरम होतो. ती ऊब गेली की थंडीत इंजिन अडखळतं, म्हणून नव्या इनटेकखाली कूलंट फिरवायची सोय आधीच ठरवा.

कार्ब्युरेटरचं गणित सोपं आहे. ४००० आरपीएमला हे इंजिन फार तर ३४७ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा ओढेल, तीही एक थेंब न सांडता भरलं तर. म्हणजे ३९० चा पुष्कळ झाला. मित्राच्या व्ही-८ वरून उतरलेला ७५० फुकट मिळाला तरी नको.

इग्निशनमध्ये मोठं काही नाही: कॅप, रोटर, वायरी नव्या, आणि वायरी काढण्याआधी त्यांना नंबरच्या चिठ्ठ्या. ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४. पण टायमिंगच्या खुणेवर आंधळा विश्वास नको. क्रँकच्या पुढच्या टोकावर बॅलन्सर असतो, ती खूण त्याच्यावरच असते; त्याची बाहेरची कडी रबरावर सरकते आणि खूण खोटं बोलते. पहिला पिस्टन वर आणून खरा टॉप डेड सेंटर (पिस्टनची सर्वांत वरची जागा) नक्की करा, तिथे रंगाचा ठिपका द्या, मगच टायमिंग लाईट लावा.

कॅम बदलणार असाल तर त्याच्यावर टेकून व्हॉल्व्ह उचलणारे लिफ्टरही नवेच, आणि जास्त झिंकचं ऑइल. पहिला स्टार्ट लगेच लागेल इतकी तयारी हवी: कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये पेट्रोल, रेडिएटर भरलेला, टायमिंग जुळलेलं. सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं. त्या वेळात आयडलवर सोडलं तर नवा कॅम तिथेच खराब होतो.

अमेरिकेत प्रदूषण रोखणारी उपकरणं काढणं कायद्याने मना आहे, आणि कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांची स्मॉग तपासणी होते, तेव्हा ईजीआर (थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडणारी यंत्रणा) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठे बसणार ते कागदावर मांडूनच इनटेक मागवा.

मॅनिफोल्डच्या बोल्टांचा पाना मात्र लगेच पेटीत टाकू नका. इंजिन दोन-तीनदा तापून थंड झालं की ते पुन्हा आवळावे लागतात.