जुन्या जर्मन मुलखाचा कारभार: वाचताना आणि लिहिताना या चुका टाळा

युरोपच्या इतिहासावर मराठीत लिहिताना फ्रान्स-इंग्लंडचं प्रकरण त्या मानाने सोपं जातं: एक राजा, एक राजधानी, एक दरबार. १५०० ते १८०० मधल्या जर्मन प्रदेशांशी, म्हणजे एका सम्राटाखाली अनेक संस्थानं आणि शहरं असलेल्या ‘पवित्र रोमन साम्राज्या’शी, गाठ पडली की गाडी अडते. बहुतेकदा त्याला कारण आपलाच प्रश्न असतो. ‘इथे खरी सत्ता कोणाची?’ असं आपण विचारतो. त्याऐवजी ‘या गावात, या बाबतीत, हक्क कोणाचा?’ असं विचारलं तर निम्मे घोटाळे तिथल्या तिथे मिटतात.

नकाशातल्या रंगांवर विसंबणं

शालेय नकाशात प्रत्येक संस्थानाला एक रंग आणि भोवती ठसठशीत रेघ असते. न्यूरेम्बर्गला लागून असलेलं फ्युर्ट गाव कोणत्या रंगात दाखवणार? तिथे हक्कदार तिघे होते: बाम्बेर्गच्या कॅथेड्रलचा प्रमुख धर्माधिकारी, आन्सबाखचा मार्कग्राफ (तिथला संस्थानिक) आणि न्यूरेम्बर्ग शहर. कोणत्या घरावर कोणाची हुकमत, गंभीर गुन्ह्याचा खटला कोणी चालवायचा, यावरून त्यांचे वाद शतकानुशतकं चालले.

याला निव्वळ गोंधळ म्हणून निकालात काढू नका. न्यूरेम्बर्गने १४९९ मध्ये ज्यूंना शहराबाहेर काढलं. पुढे १५२८ मध्ये आन्सबाखच्या मार्कग्राफने त्यांना फ्युर्टमध्ये वसायला परवानगी दिली, नंतर बाम्बेर्गच्या धर्माधिकाऱ्यानेही दिली. न्यूरेम्बर्ग चडफडत राहिलं, पण एकट्याच्या जोरावर त्याला हे थांबवता आलं नाही. दक्षिण जर्मनीतली एक मोठी ज्यू वस्ती या तिघांच्या रस्सीखेचीतून उभी राहिली. एकाच धन्याच्या गावात हे घडणं अवघडच होतं.

१६४८ नंतर सम्राट संपला असं धरणं

ही चूक पाठ्यपुस्तकांतून आली आहे, म्हणून चिवट आहे. तीस वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने जर्मन राजे-सरदार पूर्ण स्वतंत्र झाले, असं सर्रास लिहिलं जातं. तहाने त्यांना आपापल्या मुलखातला अधिकार पक्का करून दिला आणि बाहेर करारमदार करण्याचा हक्कही दिला. मात्र ते करार सम्राट आणि साम्राज्य यांच्या विरोधात नसावेत, अशी अटही घातली. ही अट गाळून केलेला सारांश चुकीचाच ठरतो. मग सम्राटाची तुलना शाहूंनंतरच्या साताऱ्याच्या छत्रपतींशी होते, आणि ती पार फसते.

मेक्लेनबुर्ग-श्वेरीनचा ड्यूक कार्ल लेओपोल्ड याचं उदाहरण बघा. कर आणि लष्करावरून तो स्वतःच्याच मुलखातल्या सरदारांशी आणि रोस्टॉक शहराशी भिडला. ते दाद मागायला सम्राटाच्या व्हिएन्नातल्या दरबारी न्यायालयात गेले. १७१९ मध्ये सम्राटाच्या आदेशावरून हॅनोव्हर आणि ब्राउनश्वाइगच्या फौजा मेक्लेनबुर्गमध्ये शिरल्या. १७२८ मध्ये ड्यूकच्या हातून कारभार काढून त्याच्या भावाकडे सोपवण्यात आला. म्हणजे तहानंतर तब्बल ८० वर्षांनी प्रजाजनांच्या तक्रारीवरून एका राज्यकर्त्याची गादी हलली. प्रशियासारख्या बड्या धेंडाला असं हात लावणं सम्राटाला जमलं नसतं, हेही खरं. कायदा सगळ्यांना लागू होता, अंमल मात्र समोरच्याची फौज पाहून व्हायचा.

‘चर्चने चेटकिणी जाळल्या’ असं लिहून मोकळं होणं

जर्मन मुलखातले चेटकाचे बहुतेक खटले स्थानिक, ऐहिक (म्हणजे चर्चच्या नव्हे, सरकारी) न्यायालयांत चालले. बाम्बेर्ग आणि वुर्झबुर्ग इथल्या भयानक खटल्यांमागे बिशप होते, पण ते त्या मुलखाचे राज्यकर्तेही होते आणि खटले त्यांच्या सरकारी यंत्रणेने चालवले.

दुसरी चूक याला जोडूनच होते. सम्राट पाचवा चार्ल्स याच्या काळात १५३२ मध्ये ‘कारोलिना’ ही फौजदारी संहिता लागू झाली, म्हणजे सगळीकडे एकच कायदा आला, असं समजलं जातं. संहितेच्या प्रस्तावनेतच स्थानिक जुन्या रीतींना अभय दिलेलं आहे. त्यामुळे एखाद्या खटल्याबद्दल लिहिताना त्या मुलखाचा स्वतःचा कायदा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

निकाल कोर्टातच ठरत असे, हा आणखी एक गैरसमज. गावोगावचे न्यायदंडाधिकारी फारसे कायदा शिकलेले नसत. अवघड प्रकरणात कागदपत्रं विद्यापीठाच्या विधिशाखेकडे पाठवून सल्ला घ्यावा, असं कारोलिनाच सांगते. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरच्या आईचा खटला यासाठी मुळातून पाहण्यासारखा आहे. लेओनबेर्गच्या एका काचकाम करणाऱ्याच्या बायकोने आरोप केला की काथारिना केप्लरने दिलेल्या पेयामुळे आपण आजारी पडलो. काथारिनाने उलट बदनामीचा दावा लावला. तो रेंगाळला, आणि १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या या बाईलाच अटक झाली. चौदा महिने ती साखळदंडात होती. दोन पहारेकरी दिमतीला, आणि त्यांचा खर्च तिच्याच मालमत्तेतून.

केप्लर लिंझहून आला आणि बचावाच्या लेखी कामात त्याने स्वतः जातीने लक्ष घातलं. ‘लेखी’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. बचाव कागदावर होत होता, स्टुटगार्टचं सरकारी कार्यालय कागद तपासत होतं आणि शेवटी सगळं बाड ट्युबिंगेनच्या विधिशाखेकडे गेलं. तिथून आदेश आला की तिला छळाची हत्यारं दाखवून धाक घाला, प्रत्यक्ष छळ करू नका. तिने काहीही कबूल केलं नाही. १६२१ मध्ये ती सुटली आणि पुढच्याच वर्षी वारली. मुलगा सम्राटाचा गणितज्ञ होता म्हणून ती वाचली, असं पटकन लिहिलं जातं. त्याच्या ओळखीपाळखींचा उपयोग झाला असेलच, पण नुसत्या नावाने काम भागलं असतं तर चौदा महिने कशाला लागले असते?

निकाल सापडत नाही म्हणून खटला फसला समजणं

१४९५ मध्ये वोर्म्स इथे भरलेल्या साम्राज्याच्या सभेत खासगी लढायांवर कायमची बंदी आली आणि साम्राज्याचं सर्वोच्च न्यायालय स्थापन झालं. ते पुढे श्पायरला स्थिरावलं. १६८९ मध्ये फ्रेंच फौजांनी श्पायर जाळलं, तेव्हा ते वेट्झलारला हललं. संथपणासाठी ते बदनाम आहे, आणि ते उगाच नाही: संस्थानिक वर्गणी थकवत, न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या राहत. तरी खेड्यांतले शेतकरीसुद्धा आपल्या जमीनदारावर तिथे फिर्याद ठोकत. पुष्कळदा अंतिम निकालाची त्यांना गरजच पडत नसे. मनाई हुकूम मिळाला किंवा चौकशी बसली की जमीनदार तडजोडीला यायचा. म्हणून निकालपत्र सापडलं नाही तर मधले हुकूम शोधा. सम्राटाच्या दरबारी न्यायालयाचं (मेक्लेनबुर्गच्या प्रकरणातलं) दप्तर व्हिएन्नातच आहे. वेट्झलारचं मात्र एकोणिसाव्या शतकात जर्मन राज्यांमध्ये वाटलं गेलं, तेव्हा एकाच ठिकाणी सगळं मिळेल ही आशा सोडा.

किरकोळ, पण हमखास होणाऱ्या

मारिया थेरेसाची सम्राटपदावर निवड कधीच झाली नाही. ती हंगेरी आणि बोहेमियाची राणी आणि ऑस्ट्रियाची आर्चडचेस होती. १७४५ मध्ये सम्राट म्हणून निवड झाली ती तिच्या नवऱ्याची. त्याआधीची तीन वर्षं ते पद तिच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे नव्हतंच, बव्हेरियाच्या विटेल्सबाख घराण्याकडे होतं. ऑस्ट्रियाचं साम्राज्य हे नाव १८०४ चं आहे, त्याआधी ते वापरू नका.

कपडे, लग्नातली पाहुण्यांची संख्या, व्याज यांवरचे हुकूम वाचून लोक तसेच वागत होते असं मानू नका. तोच हुकूम दर काही वर्षांनी नव्याने निघतोय का, ते बघा.

आणि तारखा. कॅथलिक मुलखांनी १५८३ च्या सुमारास नवं (ग्रेगोरियन) कॅलेंडर घेतलं, प्रोटेस्टंट मुलखांनी १७०० पर्यंत घेतलं नाही. दोन शेजारी दरबारांच्या पत्रांत दहा दिवसांची तफावत दिसली तर उत्तर प्रश्नाच्या आधी लिहिलं गेलंय असंही वाटू शकतं. तेव्हा आधी पाठवणाऱ्याचा पंथ तपासा. १७०० मध्ये प्रोटेस्टंट मुलखांत १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडला. त्यामुळे तिथल्या स्थानिक कागदपत्रांत त्या वर्षीच्या २० फेब्रुवारीची नोंद दिसली, तर नक्कल करणाऱ्याची चूक आधी शोधा.