बाळाच्या वाढीची नोंद ठेवताना या चुका टाळा

वजन घेतलं, आकडा वहीत लिहिला आणि शेजारच्या बाळाशी ताडून पाहिला. बहुतेक घरांत वाढीवर लक्ष ठेवणं एवढ्यावरच संपतं. पण एका आकड्यावरून काहीच कळत नाही. कळतं ते आधीचे दोन-तीन आकडे शेजारी ठेवल्यावर.

वाढीच्या आलेखावरच्या रेषा पर्सेंटाइलच्या असतात. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत, हे आधी मनावर ठसवून घ्या. बाळ १५व्या पर्सेंटाइलवर आहे याचा अर्थ एवढाच, की त्या वयाच्या १०० बाळांपैकी साधारण १५ बाळं त्याच्याहून हलकी आहेत. त्याच रेषेला धरून महिनोन्महिने वर चढणारं बाळ छान वाढतंय. त्याला कोंबून भरवून ५०वर न्यायची गरज नाही. उलट ८५वरचं बाळ काही महिन्यांत १५पर्यंत घसरलं, तर ते अजून गुटगुटीत दिसत असलं तरी डॉक्टरांकडे जायलाच हवं. मुलींचा आणि मुलांचा आलेख वेगळा असतो, तेवढं पाहून घ्या.

वजन अचानक घटलेलं दिसलं तर घाबरण्याआधी मोजणी तपासा. काटा तोच होता का? मागच्या वेळी अंगात स्वेटर किंवा ओला डायपर होता का? लहान बाळाचं वजन एका दुधाने, एका शीने हलतं, म्हणून रोज वजन करण्यात अर्थ नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. तसं आलं नाही, तर मात्र दूध नीट मिळतंय का ते डॉक्टरांकडून पाहून घ्या.

उंचीतही असंच फसायला होतं. दोन वर्षांपर्यंत बाळाला आडवं झोपवून मोजतात, पुढे उभं करून. उभं राहून उंची सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरते, त्यामुळे पद्धत बदलली त्या महिन्यात वाढ थांबल्यासारखी वाटते.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. आठ आठवडे आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी त्याची तुलना चार महिन्यांच्या बाळाशी करायची. हा हिशेब साधारण दोन वर्षांपर्यंत धरतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

आता टप्पे. ‘अमुक महिन्यात चाललंच पाहिजे’ असं काही नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिलेल्या मापदंडांत स्वतंत्र चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा आहे. काही निरोगी बाळं तर कधी रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. वॉकरमध्ये बसवून चालणं लवकर येत नाही, पडण्याचा धोका तेवढा वाढतो.

पण या लवचीकपणाचा आधार घेऊन वाट पाहत बसणं ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ हे वाक्य किती महिने खातं! तीन महिने होऊनही बाळ आपल्याकडे बघून हसत नाही, वर्षाचं झालं तरी बडबडत नाही, बोट दाखवत नाही की टाटा करत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, तर थांबू नका. बोलणं लांबलं असेल तर ऐकू नीट येतं का, हे आधी तपासून घ्या. जन्मानंतरची श्रवण चाचणी ठीक आली होती म्हणून ही तपासणी टाळू नका. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल, तर ‘डावखुरं होणार’ म्हणून कौतुक करण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि आलेले शब्द गेले, नजरेला नजर देणं थांबलं, येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा.

दवाखान्यात बाळ बुजतं, नेमकं तेव्हाच काही करत नाही. म्हणून घरी खेळताना, हाक मारताना, उठून बसताना फोनवर छोटे व्हिडिओ घेऊन ठेवा आणि वजनाच्या वहीसोबत तेही डॉक्टरांना दाखवा.