पावसाआधी डिफचा ब्रीदर वर काढा, पण त्याच्याही आधी धूळ बघा

जून जवळ आला की सगळ्यांना स्नॉर्कल (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी) आठवतो, इंजिनात पाणी जाईल म्हणून जीव वर-खाली होतो, आणि खाली मागच्या अ‍ॅक्सलवर बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. थारचंच घ्या. २०२० ला आलेल्या थारसाठी कंपनी ६५० मिमी पाणी चालेल म्हणते. आता तिच्या २५५/६५ आर १८ टायरचा हिशोब मांडा, टायरची पूर्ण उंची साधारण ७९ सेंमी, म्हणजे चाकाचा मध्य जमिनीपासून ४० सेंमीच्या आतच. बोनेट मस्त कोरडं असतं तेव्हा मागचं डिफ, म्हणजे डिफरन्शियल, दोन मागच्या चाकांच्या मधला गिअरचा गोळा, कधीच बुडालेलं असतं.

ती टोपी म्हणजे ब्रीदर. डिफमध्ये खाली गिअर ऑइल, वर हवा. घाटात तासभर गाडी पळाली की आतलं सगळं तापतं, हवा फुगते, ती बाहेर पडायला हे भोक, बास एवढंच काम. लोचा कधी होतो, तर तापलेलं हाउसिंग (डिफचं बाहेरचं कवच) थेट ओढ्याच्या गार पाण्यात उतरतं तेव्हा. ८० डिग्रीची हवा ३० डिग्रीला आली की साधारण १४ टक्के आकसते, आत लिटरभर हवा धरली तर झाले १४० मिली, म्हणजे कटिंगचे दोन ग्लास. एवढी जागा आत कशाने तरी भरणार. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाण्याने.

काही टोप्या वन-वे असतात, आतली हवा सोडतात पण बाहेरून सहज घेत नाहीत. मग वाटतं की झालं, आता पाणी कुठून जाणार? जातं ना, पिनियनच्या (डिफमध्ये शिरणाऱ्या छोट्या गिअरच्या) नाहीतर चाकाच्या हबच्या ऑइल सीलमधून. ते सील तेल बाहेर येऊ नये म्हणून बसवलेलं असतं, आतून ओढ लागली की त्याची लिप बाहेरचं पाणी कितीसं अडवणार.

आता माझं म्हणणं असं की आपल्याकडे सुरुवात पाण्याने होतच नाही, धुळीने होते. दिवाळीनंतर जे सात-आठ महिने कोरडे जातात, कोकणातली तांबडी धूळ असो की देशावरची काळी माती, ती टोपीवर बसते, आतून थोडी तेलाची वाफ येते, दोन्हीचा मिळून लगदा होतो आणि तो वाळून टोपी जाम. माझ्या जिप्सीचं मागचं डावं चाक तेल सोडायला लागलं, ड्रम उघडला तर ब्रेक शू तेलाने माखलेले, सील बदललं, महिन्याभरात परत तेच, परत बदललं, परत तेच! तिसऱ्यांदा एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सीलला हातच लावला नाही, खाली झोपून पाना लावून ब्रीदर काढला तर फुस्स करून हवा सुटली. भोक मातीने बंद, आतलं प्रेशर सीलमधून वाट काढत होतं. दोन सील, शू आणि दोन रविवार गेले ते गेलेच.

म्हणून हे काम मेमध्ये करा. गाडी थंड असू दे, सपाट जागा, पुढच्या चाकांना दगड, आणि उचलायची असेल तर जॅक स्टँडवरच, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. ब्रीदरच्या आजूबाजूची माती आधी वायर ब्रश आणि फडक्याने साफ करा, नाहीतर तो काढल्या काढल्या सगळी घाण आत पडेल. प्रेशर वॉशरची धार त्याच्यावर जवळून मारू नका, पाणी आत घालायचा तो सोपा मार्ग आहे. टोपी बोटाने फिरायला हवी, थोडी खालीवर हलायला हवी. जाम असेल तर काढून डिझेलमध्ये भिजत टाका.

त्याच वेळी तेल पण बघून घ्या. भरायचा प्लग आधी उघडा, खालचा नंतर, कारण खालून तेल सोडलं आणि वरचा प्लग उघडलाच नाही तर गाडी तिथेच अडकली. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. सगळं काढा, नवीन भरा, २०-३० किमी फिरवा, परत काढून बघा, स्वच्छ येईपर्यंत. प्लगच्या मॅग्नेटवर बारीक काळा लगदा चालतो, हाताला टोचणारे तुकडे लागले तर मात्र क्राऊन-पिनियन (डिफमधली मुख्य गिअरजोडी) उघडून बघावं लागेल. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलीये तीच, दुकानदार म्हणेल ती नाही.

आता ब्रीदर वर न्यायचं. कंपनीची नळी कुठवर आलीये ते आधी शोधा, काही गाड्यांत ती आधीच वर नेलेली असते, तसं असेल तर फक्त टोक साफ करा आणि सोडून द्या. नसेल तर जुना ब्रीदर खिशात टाकून न्युमॅटिकच्या दुकानात जा आणि त्याच आट्याचं, नळी अडकवायचं पितळी निपल मागा. अंदाजाने आणू नका, आटे दिसायला सारखे असतात आणि हाउसिंगचा आटा एकदा चुकीचा घुसवला की रडायची वेळ येते. नळी ६ किंवा ८ मिमीची, तेल आणि उष्णता सोसणारी, फ्युएल होज सगळ्यात बरा. मत्स्यालयाची पारदर्शक नळी नको, उन्हात कडक होते आणि सायलेन्सरजवळ वितळते.

नळी नेताना सगळी अक्कल इथे लागते. अ‍ॅक्सल खालीवर होतं, खड्ड्यात चाक लटकलं की आणखी खाली जातं, त्यामुळे चाक पूर्ण लटकवून बघा आणि त्यापेक्षा थोडी जास्त नळी ठेवा. ती ब्रेकच्या लवचिक नळीच्या वाटेने न्या, तिथून वर चॅसीवर. प्रोपेलर शाफ्ट (डिफला फिरवणारा लांब दांडा) आणि सायलेन्सरपासून लांब. वाटेत कुठेही झोळी पडू देऊ नका, झोळीत तेल नाहीतर पाणी साठतं आणि हवा अडते, सतत चढत जायला हवी. झिप टाय इतके आवळू नका की नळी चेपेल. मागची नळी टेल लॅम्पच्या मागच्या पोकळीत, पुढची बोनेटखाली फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) वरच्या कोपऱ्यात. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि गिअरबॉक्सला पण ब्रीदर असतो, त्यांना विसरू नका. सगळ्या नळ्या एकाच तुकड्यात जोडायचे किट मिळतात, चालतात पण, मला वेगळ्या नळ्या आवडतात कारण एक बंद पडली तर बाकीच्या सुटतात. गाडी वॉरंटीत असेल तर काहीही कापायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

टोकाला जुनी वन-वे टोपी परत लावू नका, उंचावर आल्यावर तिची गरज नाही. छत्रीच्या मुठीसारखं टोक खाली वळवा आणि त्याला पितळी दाणेदार न्युमॅटिक सायलेन्सर लावा, त्याच दुकानात मिळतो. धूळ अडवतो, हवा जाऊ देतो. छोटा फ्युएल फिल्टर पण चालतो. दोन्ही कधीतरी चोंदणार, तेलाच्या प्रत्येक सर्व्हिसला काढून फुंकून बघा.

तपासणी अशी, की अ‍ॅक्सलला जोडायच्या आधी खालचं टोक बादलीत बुडवा आणि वरून तोंडाने फुंका. बुडबुडे नुसत्या टोकातूनच यायला हवेत, जोडांवर साबणाचं पाणी लावून बघा. काँप्रेसर लावू नका, अ‍ॅक्सलला जोडलेलं असताना तर अजिबात नाही, सील उडेल. आणि तोंडाने ओढू तर नकाच, गिअर ऑइलचा तो कुजका वास दोन दिवस जात नाही, अनुभव आहे.

एवढं सगळं केलं तरी ताम्हिणी उतरून तापलेली गाडी लगेच ओढ्यात घालू नका, दहा मिनिटं थांबा, तोवर उतरून पाणी किती आहे ते बघा. फरशी पुलावरून गढूळ पाणी वाहत असेल तर ब्रीदर कितीही वर असू दे, परत फिरायचं. पाण्यात जास्त वेळ गाडी उभी राहिली असेल तर घरी आल्यावर भरायचा प्लग सैल करून तेलाचा रंग बघा.

आणि हो, पावसात उंदीर बोनेटखाली येतात. मागच्या श्रावणात माझी फायरवॉलजवळची नळी एकाने चार बोटं कुरतडली होती, आता तेवढ्या भागावर स्टीलच्या जाळीची बाही चढवली आहे. मागच्या टेल लॅम्पमध्ये अजून कोणी पोचलेलं नाही.