देवदार ओळखताना या चुका टाळा

हिमालयातल्या फोटोंखाली ‘देवदारांच्या सावलीत’ असं लिहिलेलं असतं आणि फोटोत बऱ्याचदा चीड, म्हणजे चिर पाइनचं झाड, उभा असतो. सूचिपर्णी दिसला की देवदार, ही पहिली चूक. फांदी जवळ ओढून बघा. चीडच्या सुया वीतभर लांब, तीन-तीनच्या जुडीत. देवदाराच्या सुया जेमतेम २.५ ते ५ सेंटिमीटर, आणि खुंटासारख्या आखूड डहाळीवर वीस-तीस सुयांचा झुबका. फांदीच्या टोकाला, यंदाच्या वाढीवर, मात्र त्या एकेकट्या असतात. तेवढंच पाहून ‘हा देवदार नव्हे’ म्हणू नका. थोडं मागे, जुन्या भागावर पाहा.

झाडाखाली अख्खा शंकू, म्हणजे बिया धरणारं खवलेदार बोंड, शोधत बसू नका. चीडचा शंकू अख्खा पडतो. देवदाराचा पिंपासारखा फांदीवर उभा असतो, पिकायला वर्षभर घेतो आणि पिकला की झाडावरच खवल्याखवल्याने सुटतो. खाली पंखवाल्या बिया आणि पंख्यासारखे खवले, वर उरते ती मधली बारीक दांडी. कधी शंकूचा शेंडा तेवढा एकसंध पडतो, हुबेहूब लाकडी गुलाब. तो हातात आला की मला वर पाहायचीही गरज वाटत नाही.

नावाने तर सगळ्यात जास्त फसवलं आहे. ‘देवदारी खोकं’ हा शब्द आपल्या कानांवर असतो, पण ते हलकं लाकूड बहुधा पाइनचं. खरा देवदार तेलकट, सुगंधी आणि वाळवीला दाद न देणारा. हिमाचलातली काठकुणी घरं दगडांच्या थरांमध्ये त्याच्याच तुळया घालून बांधतात. बंगालीत ‘देबदारु’ म्हटलं तर समोर येतो आसुपालव. देवदाराच्या इंग्रजी ‘सीडर’ या नावाचंही तेच: पेन्सिलीचा अमेरिकन रेड सीडर म्हणजे जुनिपर, जपानी सीडर म्हणजे सुगी नावाचं वेगळंच झाड. सीड्रस या वंशातले खरे सीडर मोजकेच: आपला देवदार, लेबनॉनचा, ॲटलास पर्वतातला आणि सायप्रसचा. सायप्रसच्या झाडाला काही जण लेबनॉनचीच उपजात मानतात.

लेबनॉनचं जंगल कुणा एका राजाने तोडलं, असं सरसकट सांगू नका. ते हजारो वर्षं थोडं थोडं गेलं. गिझाच्या पिरॅमिडपाशी १९५४ मध्ये सापडलेली इजिप्तच्या खुफू राजाची नाव, सुमारे ४३ मीटर लांबीची, मुख्यतः याच लाकडाची. रोमन सम्राट हेड्रियनने राखीव झाडांच्या हद्दी दगडांवर कोरून घेतल्या. ते शिलालेख आजही सापडतात. कुऱ्हाडीइतकंच नुकसान शेळ्यांनी केलं. उगवतं रोपच खाल्लं तर जुन्या झाडामागे येणार कोण? म्हणूनच १८७६ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या पैशातून ब्शर्रीजवळच्या राईभोवती दगडी भिंत उभी राहिली.

शेवटची चूक साल सोलण्याची आणि तिच्यावर नावं कोरण्याची. ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात सिंह राजा दिलीपाला समोरचा देवदार दाखवतो: हा शंकराने मुलगा मानलेला, पार्वतीने पाणी घालून वाढवलेला. एकदा रानहत्तीने गाल घासून त्याची साल सोलली, तेव्हा असुरांच्या अस्त्रांनी कार्तिकेय जखमी व्हावा तसं पार्वतीला दुःख झालं. कालिदासाने सालीच्या एका ओरखड्याला एवढी जागा दिली आहे.