गिट रेपोंचा बॅकअप: रात्री चालणारी माझी स्क्रिप्ट

माझ्याकडे गिटचे (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) 23 रेपो, म्हणजे इतिहासासकट प्रकल्पांचे फोल्डर, सांभाळायला आहेत. त्यातले सात-आठ रोजच्या कामाचे. बाकीच्यांची आठवण काहीतरी मोडलं की येते. "प्रत्येकाच्या लॅपटॉपवर क्लोन असतोच की," असं मीही म्हणायचे. पण तो क्लोन, म्हणजे रेपोची प्रत, शेवटच्या फेचपर्यंतचाच (सर्व्हरवरून शेवटचे बदल आणले तिथपर्यंतचाच) असतो, आणि जुने रेपो नव्या लॅपटॉपवर कुणी घेतलेलेच नसतात.

(कमांड आपण बोलतो तशा लिहितेय, टर्मिनलवर इंग्रजीतच टाका.)

पहिली स्क्रिप्ट साधी होती. एका फाइलमध्ये रेपोंचे पत्ते. फोल्डर नसेल तर 'गिट क्लोन --मिरर', असेल तर 'गिट रिमोट अपडेट --प्रून' (प्रून म्हणजे सर्व्हरवर उरलं नाही ते इथूनही काढणं). मिरर म्हणजे हुबेहूब प्रत, त्यामुळे सगळ्या ब्रँच (कामाच्या वेगळ्या शाखा) आणि टॅग (आवृत्त्यांच्या खुणा) येतात. वर्षभर छान चाललं. मग एका सहकाऱ्याने मर्ज झालीय समजून एक ब्रँच सर्व्हरवरून उडवली. "काळजी नको, बॅकअप आहे," म्हणत मी मिरर उघडला, तर प्रूनने त्याच रात्री इमानेइतबारे तिथूनही ती काढून टाकली होती! मिररसारख्या बेअर रेपोत (कामाच्या फाइली नसलेल्या) रीफलॉग, म्हणजे ब्रँच कुठून कुठे सरकली याची नोंद, मुळात बंद असतो, त्यामुळे तो मार्गही नाही. शेवटी 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड' (रेपोची तपासणी) चालवून लोंबकळणारे, म्हणजे कुठल्याच ब्रँचमध्ये नसलेले, कमिट (नोंदवलेले बदल) एकेक करून पाहिले आणि ब्रँच सापडली. जीसी (गिटची सफाई) सहसा असे कमिट दोन आठवड्यांनी झाडून टाकतो. आमचे दोनच दिवस झाले होते म्हणून निभावलं.

मार्च 2013 मध्ये केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं याहून मोठ्या प्रमाणावर असंच झालं. मुख्य सर्व्हरची फाइलसिस्टिम बिघडली आणि त्याचे मिररही मागोमाग बिघडले. एका मशीनवर चांगली प्रत उरली होती, म्हणून वाचले.

म्हणून आता मिरर अपडेट झाला की त्याच फोल्डरमधून 'गिट बंडल क्रिएट' चालतं, शेवटी '--ऑल', आणि फाइलच्या नावात 'डेट'ने दिलेली तारीख. अख्खा रेपो एका फाइलमध्ये. ही फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, तपासा, मगच 'एमव्ही'ने खरं नाव द्या. नाहीतर डिस्क भरली तर अर्धवट फाइल खऱ्या नावाने मिरवत राहते. तपासणीसाठी 'गिट बंडल व्हेरिफाय' पुरत नाही, कारण ते आतला पॅक (दाबून ठेवलेला डेटा) उलगडून बघत नाही. मी बंडलवरून टेम्प फोल्डरमध्ये मिरर क्लोन करते आणि त्यावर 'गिट एफएससीके' चालवते. वेळ लागतो, पण रात्री कोणाला घाई आहे?

'सेट -ई'ने (एरर आली की स्क्रिप्ट थांबवणारी ओळ) मला चांगलंच फसवलं. यादीतला चौथा रेपो रिकामा होता. रिकाम्या रेपोचं बंडल करायला गिट साफ नकार देतं, एरर देऊन बाहेर पडतं. झालं, स्क्रिप्ट तिथेच थांबायची आणि पुढच्या 19 रेपोंना रोज रात्री उपास. आता प्रत्येक रेपोची एरर वेगळी पकडते, फसलेल्यांची नावं साठवते आणि लूप संपल्यावर शून्य नसलेला एक्झिट कोड (अपयशाची खूण) देऊन मेल पाठवते.

जुनी बंडलं 'फाइंड'ने, '-एमटाइम +30 -डिलीट' लावून काढते. पण त्या रेपोचं आजचं बंडल तपासणीत पास झालं तरच. नाहीतर बॅकअप बंद पडलेला, सफाई मात्र चालू, आणि महिन्याभराने फोल्डर स्वच्छ.

स्क्रिप्ट रात्री क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) चालवतो. त्याचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो आणि एसएसएच एजंट (सर्व्हरवर शिरायच्या की सांभाळणारा) तिथे नसतो. वेगळी, फक्त वाचण्याचा हक्क असलेली की ठेवा आणि एसएसएचला 'बॅचमोड=येस' द्या, म्हणजे स्क्रिप्ट पासवर्ड विचारत ताटकळणार नाही. 'एफलॉक -एन' लावलं की कालची फेरी चालू असताना आजची सुरू होत नाही. बंडलं दुसऱ्या मशीनवर आरसिंकने (फाइली कॉपी करणारं साधन) जातात, '--डिलीट' न लावता, म्हणजे इथे पुसलेलं तिथे पुसलं जात नाही.

यात एलएफएसच्या (रेपोबाहेर वेगळ्या ठेवलेल्या मोठ्या) फाइली येत नाहीत. त्यासाठी मिररमध्ये 'गिट एलएफएस फेच --ऑल' करून एलएफएस फोल्डर वेगळा उचलावा लागतो. हुक (गिटच्या कामांबरोबर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) आणि इश्यूही (अडचणींच्या नोंदी) येत नाहीत. विकी बहुधा स्वतंत्र रेपो असतो, तो यादीत घाला.

परत आणताना बंडलवरून '--मिरर'ने क्लोन करा. ओरिजिन (रेपो जिथून आला तो पत्ता) बंडल फाइलकडेच बोट दाखवत असतो, म्हणून 'गिट रिमोट सेट-यूआरएल'ने नवा पत्ता द्या आणि 'गिट पुश --मिरर'ने सगळं तिकडे पाठवा. हा पुश फक्त नव्या, रिकाम्या रेपोवर करा. चालू रेपोवर केलात तर बंडलमध्ये नसलेल्या ब्रँच तिथून उडतील.