देवाच्या अधीन राहताना या चुका टाळा

“देवाच्या अधीन व्हा” हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन (4:7) उपासनेत, प्रार्थना सभेत, लग्नाच्या उपदेशात सारखं कानी पडतं आणि आपण आमेन म्हणतो. गाडी अडते ती सोमवारी, घरात आणि कामाच्या जागी. मंडळीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या काही चुका इथे मांडतो.

अर्धवट आज्ञापालनाची भरपाई दानाने करणं

सगळ्यात खोल रुजलेली चूक हीच. इस्राएलच्या शौल राजाचं उदाहरण घ्या (1 शमुवेल 15). शत्रू असलेल्या अमालेकांचं काहीही राखायचं नाही, असा देवाचा हुकूम होता. शौलाने त्यांच्या अगाग राजाला जिवंत ठेवलं, उत्तम मेंढरं आणि गुरं राखली. शमुवेल संदेष्ट्याने जाब विचारला तेव्हा शौल म्हणाला, ती परमेश्वराला यज्ञ करण्यासाठीच आणलीत. त्यावर शमुवेलाचं उत्तर होतं, “यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे.” शौलाची यज्ञाला ना नव्हती. आज्ञा मात्र त्याला आपल्या सोयीपुरतीच पाळायची होती.

आपल्या घरांत हे असं घडतं. वडील प्रभूमध्ये झोपी जातात, वाटणी निघते आणि भाऊ बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतो. “तुझं लग्न करून दिलं ना? कर सही.” माहेर तुटेल या धास्तीने ती सही करते. पुढे हाच भाऊ चर्चच्या छपरासाठी भरघोस देणगी देतो आणि उपकारस्तुतीच्या सभेत साक्षही देतो. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवा आईला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी यांचा वाटा सारखा. जे कायद्यानेही बहिणीचं आहे, ते तिच्याकडून काढून घेऊन देवाला काय वाहायचं?

यावरचा उपाय येशूने मत्तय 5:23-24 मध्ये क्रमवार सांगितलाय. अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण वाहा. तेव्हा पावती फाडण्याआधी बहिणीला फोन करा. तिचा वाटा लेखी द्या.

उत्तर ठाऊक असताना “प्रार्थना करतोय” म्हणणं

नोकरी बदलावी का, आलेलं स्थळ स्वीकारावं का, यासाठी जरूर प्रार्थना करा. पण खोटं बिल लावायचं का, कामाला येणाऱ्या मावशींचा पगार अडकवून ठेवायचा का, यावर वेगळा प्रकाश मागायची गरज नाही. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, हे लेवीय 19:13 मध्ये लिहिलेलं आहे. आजच पैसे द्या.

माणसाच्या शब्दाला देवाचा शब्द समजणं

पाळकांचा मान राखावाच. पण वर्गणीचा हिशेब विचारला की “देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका” असं सुनावलं जातं, तेव्हा तो प्रसंग उघडून वाचा (1 शमुवेल 24). जिवावर उठलेला शौल राजा गुहेत हाती लागला, तरी देवाने अभिषेक केलेला राजा म्हणून दाविदाने त्याच्या जिवाला हात लावला नाही, पण गुहेबाहेर येऊन त्याचा अन्याय सगळ्यांसमोर त्याच्या तोंडावर सांगितला. पौलाने तर यरुशलेमसाठी जमवलेली वर्गणी नेताना मुद्दाम सोबत माणसं घेतली, कुणी बोट ठेवू नये म्हणून (2 करिंथ 8:20-21). हिशेब मागणं म्हणजे बंड नव्हे.

पंडिता रमाबाईंचा 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचे मतभेद पत्रांतून प्रसिद्ध आहेत. ख्रिस्ताची आज्ञा मान्य, पण माझ्या सद्सद्विवेकबुद्धीवर दुसऱ्या कुणाचा ताबा चालणार नाही, या भूमिकेवर रमाबाई ठाम राहिल्या. याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या निराधार मुलींसाठी आयुष्य वेचलं. त्यांना कोण अवज्ञाकारी म्हणेल?

घरातही हेच. इफिस 5:22 पत्नीला वाचून दाखवणाऱ्यांनी 21 वं वचन आधी वाचावं: “ख्रिस्ताचे भय बाळगून एकमेकांच्या अधीन असा.” अधीन होणं मी स्वतः करायचं असतं, दुसऱ्याकडून वसूल करायचं नसतं. आणि नवरा मारत असेल तर “सोस, प्रार्थना कर, घर मोडू नकोस” हा सल्ला देवाच्या नावावर कुणीही देऊ नये. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिच्या बाजूने आहे, 181 ही महिला हेल्पलाइन आहे. मंडळीतल्या बायकांनी तिच्यासोबत जावं.

दुःख गिळणं म्हणजेच अधीनता, असं मानणं

वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने आधी दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं, मग “तुझ्या इच्छेप्रमाणे होवो” म्हटलं. पहिलं वाक्य गाळून दुसरं म्हणायची घाई आपण करतो आणि दुसऱ्यांनाही करायला लावतो. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच “किती वेळ?” या प्रश्नाने होते. म्हणून मातीला गेलात तर “प्रभूची इच्छा होती, रडू नका” असं घरच्यांना म्हणू नका. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला होता. त्यांना रडू द्या, जवळ बसा आणि त्या घरच्या चहा-जेवणाचं तुम्ही बघा.