एकाच घरातला वर्गसंघर्ष कथेत कसा उभा करावा

घरातील वर्गसंघर्ष लिहिताना घोषणांआधी घराचा हिशेब मांडावा. कर्नाटकातल्या, महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या निपाणीतल्या कथेत थोरला भाऊ तंबाखूचा व्यापारी आणि धाकट्याची बायको हजारी दराने (दर हजार विड्यांमागे मजुरी घेऊन) विड्या वळणारी असेल, तर वखारीची किल्ली कोणाकडे असते, तिच्या विड्यांतून छाट (खराब ठरवून नाकारलेल्या विड्या) कोण काढतो आणि सणाच्या पंगतीत शेवटी कोण बसते, यांतूनच ताण दिसू द्यावा. १९८१ चे तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन पार्श्वभूमीला घेतल्यास भाव मागणारा चुलता आणि भाव पाडणारा पुतण्या समोरासमोर येतात. मात्र दोघांनाही सबळ कारणे द्यावीत (खलनायक रंगवणे फारच सोपे असते). शिकलेल्या जावेची प्रमाण मराठी आणि सासूची कन्नड वळणाची बोली यांतील अंतर संवादांतच ठेवावे, निवेदकाने ते समजावू नये.